चेक, शह आणि रेघांचं कापड

रसिक : इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ कोणत्या शब्दाला, असं विचारलं की जाणकार 'सेट' म्हणतात, नाहीतर 'रन'. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट'ची नोंद सर्वांत लांब होती. पुढे 'रन'नं तिला मागं टाकलं, आणि त्या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले गेले. मला या मोजदादीत रस नाही. धावण्यातून नदीचं वाहणं, यंत्राचं चालणं आणि दुकान चालवणं निघालं, यात नवल ते काय? आपलं 'लागणे' घ्या, तेही असंच अस्ताव्यस्त पसरलंय. मला ओढ आहे ती 'चेक'ची. त्याचे अर्थ त्या मानानं थोडे, पण एकमेकांपासून किती लांब! बँकेत भरायचा चेक, गॅस बंद केलाय का हे चेक करणं, शर्टावरचे चेक्स, ओढ्यावरचा चेक डॅम, हॉटेलातलं चेक-इन, दवाखान्यातलं चेकअप. अमेरिकेत तर जेवणाचं बिलही चेक, आणि कागदावरची बरोबरची खूणही चेकच. या सगळ्यांच्या मुळाशी एकच माणूस उभा आहे, तोही संकटात सापडलेला. इराणचा शाह.

चिकित्सक : तुम्हाला दिसतो. काउंटरवर चेक घेणाऱ्या मुलीला तो दिसत नाही, आणि चेक्सचा शर्ट शिवणाऱ्यालाही नाही. तरी दोघं आपापला शब्द बिनचूक वापरतात. शब्दाचा अर्थ वापरणाऱ्यांच्या व्यवहारात असतो. पणजोबांचं नाव कळलं म्हणून पणतूचा स्वभाव कळत नाही. शिवाय 'एक शब्द' हे तुम्ही गृहीतच धरलंय. प्रागच्या माणसालाही आपण चेकच लिहितो. त्याचा तुमच्या शाहाशी काडीचा संबंध नाही. त्या लोकांचं नाव दंतकथेतल्या एका मूळपुरुषाशी जोडलं जातं. देवनागरीत मात्र तो, बँकेचा कागद आणि शर्ट एकाच रांगेत बसले. दिसायला सारखे म्हणून एक, की मुळात एक म्हणून एक? हे आधी ठरवा, मग तुमच्या शाहाला बोलवा.

रसिक : ठरवायचं तर आधी प्रवास पाहायला हवा. खेळ आपला. चतुरंग इराणात 'चतरंग' झाला, अरबांकडे 'शतरंज'. राजावर हल्ला झाला की खेळणारा समोरच्याला सावध करायचा, 'शाह!' म्हणजे राजा सांभाळ. ही आरोळी मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'स्काकुस' झाली, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक', इंग्रजीत 'चेक'. त्या फ्रेंच शब्दाचं अनेकवचन उचलून इंग्रजांनी खेळाचंच नाव 'चेस' केलं. म्हणजे इंग्रज माणूस बुद्धिबळाला बसतो तेव्हा तो नकळत 'शाह, शाह' खेळत असतो. आता पटावर काय होतं ते पाहा. राजावर शह आला की तुमचे बाकी सगळे मनसुबे जागच्या जागी थांबतात. पुढची चाल तुमच्या मर्जीची राहत नाही. यातून चेक म्हणजे अचानक अडवणं, थोपवणं. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत हा अर्थ रुळलेला आहे. थोपवण्यातून लगाम ठेवणं आलं. लगाम ठेवायचा तर एक नोंद दुसरीशी ताडून पाहावी लागते, म्हणून ताडून पाहणं. आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस नुसतं तपासणं. ही झाली राजाची वाट.

दुसरी वाट पटाची. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेकिए' म्हणत. इंग्लंडच्या राजाचा जमाखर्च ज्या टेबलावर होई त्यावर रेघांचं कापड अंथरलेलं असे, म्हणून त्या खात्याचं नावच 'एक्स्चेकर' पडलं. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं ११७७ च्या सुमारास त्याचं वर्णन लिहायला घेतलं. टेबल सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. वर मांडलेलं घरंगळू नये म्हणून कडेनं चार बोटं उंच काठ. त्यावर काळं कापड, ईस्टरच्या बैठकीला विकत घेतलेलं, आणि कापडावर फूटभर किंवा वीतभर अंतरानं रेघा. एका रकान्यात पेनी, शेजारी शिलिंग, मग पौंड, मग वीस-वीस पौंडांचे गट, मग शेकडे, मग हजार. परगण्याचा शेरीफ समोर बसायचा. त्यानं किती भरायला हवं होतं आणि किती भरलं, ते सोंगट्या मांडून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दाखवलं जाई. लिहिता-वाचता न येणाऱ्या सरदारालाही बाकी किती उरली ते दिसायचं. आणखी मौज अशी की फिट्झनीलनं हे पुस्तक गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिलंय. शिष्य विचारतो, या टेबलाला असं नाव का? गुरू म्हणतो, ते बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं म्हणून. शिष्याचं तेवढ्यावर भागत नाही, तेव्हा गुरू पुढे सांगतो की पटावर जशी दोन राजांची लढाई, तशी इथे खजिनदाराची आणि शेरीफची.

चिकित्सक : तुमचा गुरू मला साक्षीला हवाच आहे, पण माझ्या बाजूनं. त्याचं पहिलं कारण निव्वळ दिसण्याचं. कापडावर रेघा, पटावर रेघा, संपलं. लढाईचं कारण त्यानं शिष्याच्या समाधानासाठी मागाहून काढलं. नाव आधी पडलं आणि गूढार्थ नंतर चिकटला. व्युत्पत्तीच्या बहुतेक सुरस कथा अशाच जन्मतात. त्या कारकुनांनी रेघांऐवजी वर्तुळं काढली असती, तर ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आज 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हटलं नसतं, आणि तुम्ही वर्तुळाचं तत्त्वज्ञान सांगत बसला असता.

राजाच्या वाटेचंही तेच. अडवण्यातून तपासणं निघालं हे आज मागे वळून पाहताना अटळ वाटतं. पण त्याच चेकचे आणखीही अर्थ होते. काही शतकांपूर्वी चेक म्हणजे खरडपट्टीही होती. शिकारीचा ससाणा ठरलेलं सावज सोडून भलत्याच पाखरामागे गेला, तर त्यालाही चेक म्हणत. हे फाटे वाळून गेले, म्हणून तुम्ही ते सांगितलेच नाहीत. उरलेल्या फांद्या जोडून तुम्ही सरळ रेघ काढलीत. आपल्याकडे तर या छंदाची मोठी परंपरा. राजवाड्यांसारख्या थोर संशोधकालाही व्युत्पत्तीचा मोह आवरत नसे, पु. ना. ओकांना व्हॅटिकनमध्ये 'वाटिका' दिसली. आता तुम्ही 'शाह' म्हणजे आपला 'क्षत्रिय' असं कधी म्हणता याची मी वाट पाहतोय.

रसिक : म्हणणार नाही, पण त्याच्या जवळपास जाईन. बेहिस्तूनच्या शिलालेखात इराणचा सम्राट दरायस स्वतःला 'क्षायथिय' म्हणवतो, आणि 'क्षायथियांचा क्षायथिय'ही. तोच शब्द झिजत झिजत शाह झाला, आणि राजांचा राजा तो शहेनशाह. तो क्षायथिय आणि आपलं 'क्षत्र' हे सत्ता गाजवण्याच्या एकाच जुन्या धातूचे शब्द आहेत. पण एक दुसऱ्यातून निघालेला नाही. ओक आणि शिलालेख यांत फरक हा की तिथे नुसतं कानाला लागणारं साम्य आहे, आणि इथे टप्प्याटप्प्यानं बदलत गेलेली, लिहून ठेवलेली रूपं.

मला आवडणारी व्युत्पत्तीही मी या कसोटीवर टाकून देतो. अरबीत 'सक्क' म्हणजे लेखी हमीपत्र. त्याचं अनेकवचन 'सुकूक', इस्लामी रोख्यांसाठी आज जगभर चालतं ते. बँकेचा चेक या सक्कमधून आला असं पुष्कळदा छातीठोकपणे सांगितलं जातं. व्यापार, वाळवंट, उंटांचे तांडे, सगळं किती छान जमतं! पण अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजीत चेक म्हणजे पैशाच्या कागदाची आपल्याकडे ठेवलेली स्थळप्रत, म्हणजे काउंटरफॉइल. मूळ कागद तिच्याशी ताडून खाडाखोड पकडायची. पुढे ते नाव स्थळप्रतीवरून कागदावर सरकलं. ही वाट कागदोपत्री दिसते, आणि वाटेत अरबस्तान लागत नाही. 'शह-मात'चंही तसंच. अरबीत 'मात' म्हणजे मेला, म्हणून 'राजा मेला' असा अर्थ सर्रास देतात. पण फारसी 'मात' म्हणजे हतबल, गोंधळलेला. आणि बुद्धिबळ खेळणाऱ्या कोणत्याही पोराला ठाऊक आहे की पटावर राजा मरत नाही, कोंडला जातो. इथे खेळाचा नियम व्युत्पत्तीला दुरुस्त करतो. तेव्हा हा नुसता कल्पनेचा खेळ नाही.

चिकित्सक : स्थळप्रतीचा पुरावा मान्य. पण तुमची खरी अडचण तिथेच सुरू होते. १८२८ साली जेम्स विल्यम गिल्बार्ट या बँकरनं बँकव्यवहारावरच्या आपल्या पुस्तकात खुलासा केला की बहुतेक लेखक या शब्दाच्या शेवटी सी-के लिहितात. आपण क्यू-यू-ई लिहितो, कारण त्यानं घोटाळा टळतो आणि एक्स्चेकरशी साम्य राहतं. अशा लेखण्यांनी ब्रिटनमध्ये एकाचे दोन शब्द झाले. अमेरिकेनं एकच स्पेलिंग ठेवलं. मग लंडनमध्ये दोन शब्द आणि न्यूयॉर्कमध्ये एक? इतिहास तर दोन्हीकडे तोच. आपल्याकडे हा कागद ब्रिटिश कायद्याबरोबर रुजला. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या सहाव्या कलमात त्याची व्याख्या आहे, क्यू-यू-ईनं लिहिलेली. देवनागरीनं तो फरक पुसून टाकला. तरी 'जाताना चेक चेक करून घे' असं बायको नवऱ्याला म्हणते तेव्हा दोघांपैकी कुणी अडखळत नाही. त्यांचा कान ते दोन शब्द म्हणूनच ऐकतो. लिपीनं एकत्र आणलं, इतिहासानं एकत्र आणलं, आणि तरीही बोलणाऱ्याच्या डोक्यात ते वेगळेच राहिले. तुमची एकता नक्की राहते कुठे?

रसिक : ती दाखवायला मला इंग्रजी सोडून मराठीत यावं लागेल. तोच शाह फारसीतून थेट आपल्याकडे आला आणि 'शह' झाला. पटावरून तो राजकारणात उतरला. शह देणे, शह-काटशह, हे शब्द नसतील तर निवडणुकीच्या दिवसांत आपल्या वर्तमानपत्रांचे मथळे अडून राहतील. इंग्रजी चेकशी त्याचं कधी बोलणं झालं नाही. दोन भाषा दोन वेगळ्या रस्त्यांनी निघाल्या आणि 'राजा'पासून 'प्रतिस्पर्ध्याला रोखणं' या एकाच मुक्कामी पोचल्या. हा अपघात म्हणायचा? मला वाटतं, मूळ प्रसंगातच ती शक्ती दडलेली होती. ओढ्यावरच्या चेक डॅमकडे तुम्ही पाहा. तो काहीही तपासत नाही, पाण्याचा वेग रोखतो. चौदाव्या शतकातला अर्थ तिथे जिवंत आहे, आणि तो पाण्याला दिलेला शहच आहे.

आता तुम्ही विचाराल, मग आपला शह हिशेबात का शिरला नाही? याचंही उत्तर माझ्याकडे आहे. बाराव्या शतकातल्या इंग्लंडचे खजिनदार रोमन आकडे लिहीत. त्या आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे शिक्षा. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. म्हणून जागेला किंमत द्यायची तर कापडावर रकाने पाडायला हवेत. रिकामा रकाना हेच त्यांचं शून्य. आपल्याकडे स्थानमूल्य आकड्यांतच होतं. रोजकीर्द आणि खतावणी लिहिणाऱ्या कारकुनाला पटाची गरजच पडली नाही. म्हणून त्यांचा शाह तिजोरीत गेला आणि आपला फडावरच राहिला.

चिकित्सक : उत्तर इतकं सुबक आहे की मला त्याचीच भीती वाटते. जे घडलं नाही त्याचं कारण सांगण्याइतकं सोपं काही नसतं. कुणी खोडून काढू शकत नाही. जरा शेजारच्या फ्रान्सकडे पाहा. रोमन आकडे तिथेही होते. नॉर्मंडीत त्याच नावाचं खातंही होतं. आणि आजच्या फ्रेंचमध्ये 'एशेक'चा नेहमीचा अर्थ काय? अपयश. बँकेच्या कागदाचं नाव त्यांना इंग्रजीतूनच आणावं लागलं. तोच खेळ, तीच आरोळी, तेच रेघांचं कापड, आणि फळ निराळं.

एक्स्चेकरमध्ये आणखी एक वस्तू होती, ती तुम्ही सांगितली नाहीत. खाचा पाडलेल्या लाकडी काठ्या. रकमेप्रमाणे खाचा पाडून काठी उभी चिरायची, अर्धी भरणाऱ्याकडे, अर्धी खजिन्यात, आणि पुढे दोन्ही जुळवून पाहायच्या. स्थळप्रतीचं कामच ते! ताडून पाहणं तुमच्या त्या टेबलाशेजारीच चाललं होतं, पण त्या काठीला नाव मिळालं ते 'टॅली'. शहाची तथाकथित शक्ती तिथे का धावून आली नाही? पुढे १८३४ साली साठलेल्या जुन्या काठ्या भट्टीत घातल्या, आणि त्या आगीत वेस्टमिन्स्टरचा संसदेचा वाडा जळून गेला. इतिहास घडतो तो असा, सरकारी सरपण नीट न हाताळल्यानं. शब्दांचा इतिहास याहून शहाणा असेल असं मानायला मला आधार दिसत नाही.

रसिक : फ्रेंच 'अपयश' तुम्ही माझ्याविरुद्ध आणलंत, पण मला ते माझ्या बाजूचं वाटतं. शह देणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा : रोखणं. शह खाणाऱ्याच्या खुर्चीत बसा : अपयश. प्रसंग एकच, पटाच्या दोन बाजू. काठीबद्दल मात्र मी निरुत्तर आहे. तेव्हा माझं म्हणणं जरा आवरतं घेतो. मूळ हे अर्थ ठरवत नाही. कोणकोणते अर्थ फुटू शकतील याचं एक आवार ते आखून देतं. त्यातले कोणते फुटतील हे कापड, कारकून, आकडे, स्पेलिंग यांवर.

चिकित्सक : हे पहिल्यापेक्षा पुष्कळ बरं. पण ससाण्याचं चुकलेलं पाखरूही त्या आवारात बसतं का? बसवलंत तर आवार इतकं मोठं होईल की त्यात काय बसत नाही हे सांगता येणार नाही. तो प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. माझा मोठा आक्षेप तुमच्या मराठीच्या उदाहरणावरच आहे. फारसीच्या वाटेनं शह आला, इंग्रजीच्या वाटेनं चेक आला. शतकांच्या ताटातुटीनंतर दोघं एकाच भाषेत, एकाच वर्तमानपत्राच्या एकाच पानावर भेटले : वर कुणी कुणाला शह दिला ते, खाली कुणाचा चेक परत आला ते. आणि कुणाही मराठी माणसानं त्यांना ओळखलं नाही. नातं भाषेच्या आत कुठे तरी नांदत असतं, तर या भेटीत ते जरा तरी जाणवायला हवं होतं. जाणवलं नाही. कारण ते भाषेत नाही, तुमच्या माझ्यासारख्यांच्या कपाटात आहे.

उलट मराठीत चेकला खरा आधार कुणी दिला ते पाहा. आपण 'चेक वटला' म्हणतो. 'वटणे' हे हुंडीचं क्रियापद. हुंडी वटायची, तिच्यावर वटणावळ पडायची. परक्या कागदाला आपण सावकारी पेठेतलं क्रियापद दिलं आणि तो आपला झाला. १९८८ च्या दुरुस्तीनं चेक न वटणं हा फौजदारी गुन्हा ठरला, आणि कोर्टाच्या आवारात '१३८ ची केस' म्हटलं की पुढचं सांगावं लागेनासं झालं. मराठी चेकचा अर्थ घडला तो या शेजारातून. आणि पारदर्शक मूळ असणं हेच मोठं असतं, तर 'धनादेश' जिंकला असता. धन आणि आदेश, दोन्ही उघड्या डोळ्यांना दिसतात. तो सरकारी परिपत्रकात छान शोभतो. भाडेकरूकडे मात्र कुणी 'धनादेश दे' म्हणून मागत नाही.

रसिक : वटण्याचा मुद्दा मी वहीत टिपून ठेवतो. पण मग व्यवहाराचंच बोलू. कृ. पां. कुलकर्ण्यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६ चा. आज कुणी नवा कोश करायला बसला, तर त्यानं 'चेक'च्या किती नोंदी कराव्यात?

चिकित्सक : चार. बँकेचा चेक, पुल्लिंगी नाम. 'चेक करणे', क्रियापद. शर्टावरचे चेक्स, बहुधा अनेकवचनातच. आणि प्रागचे चेक. चौघांचं व्याकरण वेगळं, संगत वेगळी.

रसिक : आणि चेकनाका? मुलुंड आणि ठाण्याच्या वेशीवरचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. जकातीसाठी तिथे आता ना कुणाला अडवतात, ना माल तपासतात. तरी रिक्षावाला 'चेकनाका का?' असंच विचारतो. हा तुमच्या चारांपैकी कुणाखाली जाणार?

चिकित्सक : कुणाखालीच नाही. ते विशेषनाम झालं. त्याचा अर्थ ती जागा, बस्स. चेक आणि नाका यांचे अर्थ तिथून उठून गेले तरी रिक्षा बरोबर पोचते. तुमच्या बाजूला धक्का देणारं उदाहरण तुम्हीच आणलंत.

रसिक : रिक्षा पोचेल. पण आणखी तीस वर्षांनी एखादी मुलगी विचारेल, याला चेकनाका का म्हणतात? तेव्हा 'वापर हाच अर्थ' म्हणणाऱ्याकडे तिला द्यायला काय असेल?

चिकित्सक : काही नसेल. आणि उत्तर न मिळता ती चेकनाक्याला जाऊन परतही येईल. मला एवढंच सांगा, उत्तर कळल्यानं तिला असं काय करता येईल, जे आधी करता येत नव्हतं?

रसिक : पुढे अनुवादक झाली, तर चेक डॅमचं 'तपासणी धरण' करणार नाही.

चिकित्सक : त्यासाठी इराणचा शाह कशाला हवा? चांगला कोश पुरेल.

रसिक : पुरेल. फक्त त्या कोशकारानं 'रोखणं' आणि 'तपासणं' एका नोंदीत ठेवावं की दोन, हे तो कुणाला विचारून ठरवेल? रिक्षावाल्याला?